कम्प्युटरला टाकण्याआधी घरी हात चालवून बघा

नीटचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं नीटच्या क्लासेससाठी राज्यभर ओळखली जातात, पण तिथं बसणाऱ्या सगळ्यांनाच मेडिकलची सीट मिळत नाही. मग विचारणा होते, "सर, आता पोराला कम्प्युटरला टाकू का?" हा प्रश्नच आम्हाला खटकतो. कारण 'कम्प्युटर' नावाचं एकच काम नसतं. वेबसाइट बनवणारा, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा टेस्टर, ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारा, आकडेवारी हाताळणारा, या चौघांचा दिवस अगदी वेगवेगळा जातो.

आधी रस्ते बघू. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर बीसीए, बीएस्सी कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग. नांदेडला विष्णुपुरीची एसजीजीएस संस्था 1981 पासून आहे, तिथं जायला एमएचटी-सीईटी किंवा जेईईचे गुण लागतात. एक गोष्ट पालक हमखास विसरतात: 2024 पासून एआयसीटीई मान्यतेच्या बीसीएलाही सीईटी द्यावी लागते. फॉर्मची तारीख गेली की मग धावपळ होते.

एमएस-सीआयटी केलं म्हणजे आयटी झालं, हा दुसरा गैरसमज. 2001 पासून चालणारा हा कोर्स चांगला आहे, सरकारी नोकरीत कामाला येतो, पण तो कम्प्युटर वापरायला शिकवतो. प्रोग्रामिंग ही वेगळी तालीम आहे.

आता मुद्द्याचं. क्लासची मोठी फी भरण्याआधी घरी रोज एक तास, निदान तीन महिने सराव करून बघा. लॅपटॉप नसेल तर सुरुवात मोबाइलवरही होते. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, त्यात पायथॉन लिहिता येतं. जुना, चार जीबी रॅमचा लॅपटॉप मिळाला तर त्यावर लिनक्स टाका, तो फुकट आहे. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. त्यातले बरेच मराठीतही ऐकता येतात. लाईट आणि नेटचा भरवसा नसलेल्या गावात आधी डाउनलोड करून ठेवलेलं बरं.

पण नुसतं बघू नका. व्हिडिओ थांबवा, कोड स्वतः टाइप करा. चूक येणारच. लाल अक्षरांत जो एरर येतो तो शेवटच्या ओळीपासून वाचा, पायथॉनमध्ये चुकीचं नाव बहुतेक तिथंच असतं. आमच्या एका विद्यार्थिनीनं अब्बाच्या किराणा दुकानाची उधारीची वही पायथॉनमध्ये उतरवली. कुणाकडे किती बाकी, एवढंच. त्यात तिचे तीन आठवडे गेले, कारण एकाच नावाचे दोन गिऱ्हाईक निघाले आणि दोघांची बाकी एकात मिसळली. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा नंबर द्यावा लागतो, हे डेटाबेसचं पहिलं सूत्र तिला कुणी न सांगता कळलं.

उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्या मुलांसाठी आमचा आवडता सराव असा: एचटीएमएलमध्ये एकच पान करा, अर्धं मराठी, अर्धं उर्दू. मराठी डावीकडून चालते, उर्दू उजवीकडून. उर्दूच्या परिच्छेदाला 'डीआयआर' मध्ये 'आरटीएल' असं सांगितलं नाही तर पूर्णविराम भलतीकडेच जातो आणि मध्ये आकडा किंवा इंग्रजी शब्द आला की ओळ विस्कटते. नस्तालीक फॉन्ट लावला की ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, नाहीतर अक्षरं एकमेकांवर चढतात. दोन्ही लिप्या न वाचणाऱ्या प्रोग्रामरला या चुका दिसतच नाहीत. (आमच्या शाळेची उर्दू सूचना मोबाइलवर उलटीपालटी दिसली होती, तेव्हा ती नववीच्या पोरानं नीट केली.)

या तीन महिन्यांत पोराचा कल कळतो. पान सुंदर करण्यात रमला तर वेब डिझाइन, दुसऱ्याच्या कामात चुका काढायला मजा आली तर टेस्टिंग, वाय-फाय का चालत नाही हे शोधत बसला तर नेटवर्किंग. एरर बघून रोज वैतागत असेल तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं, पैसा वाचला.

मुलीला पुण्याला पाठवायला तयार नसलेले पालक विचारतात, घरीच शिकली तर डिग्री कशाला? लागते. बऱ्याच कंपन्यांची पहिली चाळणी डिग्रीचीच असते; घरचं काम त्यापुढच्या मुलाखतीत दाखवायचं असतं. ज्यांना डिग्रीसोबत आणखी काही हवं त्यांच्यासाठी नायलिटची 'ओ लेव्हल' परीक्षा आहे. संस्थेत नाव न घालता, स्वतः अभ्यास करूनही ती देता येते आणि तिच्यात वेब डिझाइन व पायथॉन दोन्ही आहेत.

पैशाची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. मर्यादा आणि कागदपत्रांची यादी जिल्हा कार्यालयातूनच घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलला मोठी रांग लागते.