टिटवीच्या चोचीतला मासा

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमध्ये एक टिटवी आहे. आजी ती गोष्ट अशी सांगायची: टिटवी चोचीत मासा धरून चालली होती. कावळे आणि घारी तिच्या मागे लागल्या, टोचून टोचून तिला बेजार केलं. शेवटी तिने मासा टाकून दिला. तो एका घारीने उचलला, मग सगळे त्या घारीमागे, आणि टिटवी निवांत फांदीवर बसली.

आमच्या शेतात टिटव्या भरपूर. त्या ढेकळांतून तुरुतुरु धावत किडे टिपायच्या. मासा काय, फांदीवर बसलेली टिटवीही मी कधी पाहिली नव्हती. तसं आजीला म्हटलं, तर "ऐकायचं तर ऐक, नाहीतर झोप." विषय संपला.

तो पुन्हा निघाला उजनीच्या पाण्यावर. भिगवणजवळ कुंभारगावाहून पहाटे होडीने निघालो होतो. बाकी मंडळी रोहित पक्ष्यांसाठी आलेली. पाण्यातल्या एका वाळक्या बुंध्यावर मोठा पक्षी बसला होता. मला घार वाटली. पण पोट पांढरंशुभ्र, पाठ गडद तपकिरी, आणि डोळ्यातून मानेकडे गेलेला काळपट पट्टा. उडाला तेव्हा शेपटीला घारीसारखी खाच नव्हती. पंख लांब, मनगटापाशी वाकलेले. ब्राह्मणी घार म्हणावी तर अंगावर विटकरी रंग कुठेच नाही. सापमार गरुडही खालून पांढरा असतो आणि हवेत एका जागी फडफडतो, पण त्याचं डोकं चांगलं जाड, घुबडासारखं. आणि तो पाण्यात उडी घेत नाही. याने घेतली! पाय पुढे काढून, छपाक्. वर आला तो मासा घेऊनच. माशाचं तोंड पुढे, शेपूट मागे, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी. पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्याला बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही.

हा कैकर, म्हणजे मीनखाई घार. इंग्रजीत ऑस्प्रे. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो.

तेवढ्यात दोन घारी त्याच्या मागे लागल्या. आणि मला एकदम आजी आठवली.

घरी आल्यावर भागवत काढलं. अकराव्या स्कंधाच्या नवव्या अध्यायात अवधूत यदुराजाला हीच गोष्ट सांगतो. तिथे टिटवी नाहीच, आहे तो 'कुरर'. घारी-कावळेही नाहीत, नुसते दुसरे बलवान. मासाही नाही, 'आमिष' आहे. मोनियर-विल्यम्सच्या १८९९च्या कोशात कुररचा अर्थ ऑस्प्रे दिलेला आहे. अर्थात तेवढ्याने निकाल लागत नाही. हिंदीत 'कुररी' म्हणजे आपला सुरय पक्षी, आणि महाकाव्यांतल्या स्त्रिया ज्या कुररीसारख्या आक्रोश करतात ती नेमकी कोण, हा वेगळाच वाद. पण भक्ष्य घेऊन उडणारा आणि त्यापायी मार खाणारा म्हटला की मला कैकरच दिसतो.

मग टिटवी कुठून आली? माझा तर्क असा. अमरकोशात कुररला 'उत्क्रोश' हा पर्याय आहे, म्हणजे ओरडणारा. ओरडणारा पक्षी म्हटल्यावर मराठी माणसाला टिटवीच आठवणार, ती बारा महिने बांधावर असते. कैकर मात्र चार-पाच महिन्यांचा पाहुणा, तोही मोठ्या पाण्यावरचा. उजनीचं धरण पुरं झालं १९८०मध्ये. त्याआधी दुष्काळी पट्ट्यातल्या किती कथेकऱ्यांना तो दिसला असेल? नद्या, तळी होतीच म्हणा, पण मान वर करून पाहणारे थोडे.

नावांचा गोंधळ आपल्याकडेच होतो असं नाही. ग्रीक कथेत निसस हा राजा असाच शिकारी पक्षी होतो. १८०९मध्ये साविन्यीने कैकराच्या कुळाला शास्त्रीय नाव दिलं ते 'पांडिऑन', म्हणजे निससच्या बापाचं!

त्या सकाळी कैकराने मासा टाकला नाही. घारींना चुकवत तो पार पलीकडच्या काठाला गेला.

आजी आता नाही. मुलीला गोष्ट सांगताना मी कुरर म्हणतो. परवा तिने विचारलं, कुरर म्हणजे कोण? जानेवारीत होडीतून दाखवीन, असं कबूल करून बसलोय.