नाडी लागत नाही, पण माणूस चालतोय! हृदयपंपाची गोष्ट



कुणी बेशुद्ध पडलं की आपण आधी मनगट धरून नाडी बघतो. ती लागली नाही तर धाबं दणाणतं. पण हृदयपंप बसवलेल्या अनेकांची नाडी बोटांना जेमतेम लागते, कधी लागतच नाही. तरीही ही माणसं चालतात, बाजारात जातात, नातवंडांशी गप्पा मारतात. हा पंप (याला एलव्हीएडी म्हणतात) हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातलं रक्त घेऊन महाधमनीत ढकलतो. आपलं हृदय जागेवरच राहतं. नवे पंप रक्त सतत पुढे ढकलत राहतात, म्हणून ठोका जाणवत नाही.

पण माणूस घरी गेला, एवढ्यावर गोष्ट संपते का? थोडा इतिहास बघू.

यंत्राला बांधलेला माणूस

2 डिसेंबर 1982. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये डॉ. विल्यम डीव्रीज यांनी बार्नी क्लार्क या दंतवैद्याचं निकामी हृदय काढून 'जार्विक-7' हे संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं. ते हवेच्या दाबावर चालायचं आणि हवा देणारं यंत्र दीडशे किलोहून जड होतं. क्लार्क 112 दिवस जगले, पण रुग्णालयातून बाहेर पडू शकले नाहीत. 1984 मध्ये असंच हृदय बसवलेले विल्यम श्रोडर 620 दिवस जगले. काही काळ रुग्णालयाजवळच्या घरातही राहिले. पण पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांना पार खचवलं.

दिवस वाढले होते. पण त्या दिवसांत जगायचं कसं, हा प्रश्न तसाच होता.

खांद्यावरची पिशवी

पुढे संपूर्ण हृदय बदलण्यापेक्षा हृदयाला मदत करणाऱ्या पंपांवर भर आला. बॅटऱ्या खांद्यावरच्या पिशवीत मावू लागल्या आणि रुग्ण घरी जाऊ लागले. 2001 मध्ये 129 रुग्णांचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय खूपच निकामी झालेल्या आणि हृदयप्रत्यारोपण शक्य नसलेल्या या रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर वर्षभर जगलेले होते 25 टक्के, तर पंपावर 52 टक्के.

पीटर हॉटन यांनी काय शिकवलं?

जून 2000 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला डॉ. स्टीफन वेस्टाबी यांनी पीटर हॉटन यांना अंगठ्याएवढा 'जार्विक 2000' पंप बसवला. तो कायमचा म्हणून बसवलेले ते पहिले रुग्ण. विजेची जोडणी कानामागे, कवटीच्या हाडावर होती. त्यांच्या हातात जेमतेम काही आठवडे उरले होते; ते पुढे सात वर्षांहून जास्त जगले. समाजकार्यासाठी निधी उभारायला ते मैलोन् मैल चालले.

हॉटन स्वतः मृत्यूच्या दारातल्या लोकांना धीर देणारे समुपदेशक होते. म्हणून मनात काय चाललंय, ते त्यांनी लपवलं नाही. पंपानंतर आपल्या भावना थंडावल्यासारख्या वाटतात, उदास वाटतं, असं त्यांनी मुलाखतींत उघडपणे सांगितलं. मरणाची तयारी केलेल्या माणसाला पुन्हा जगायला शिकावं लागतं, आणि ते सोपं नसतं. पंप बसवणार असलेल्या इतर रुग्णांशीही ते बोलायचे. आपला अनुभव त्यांना सांगायचे.

प्रेम, माया हृदयात नाही, मेंदूत उमटते, हे खरं. पण मोठं आजारपण, परावलंबन, सतत 'बॅटरी संपली तर?' ही धाकधूक, यातून नैराश्य येऊ शकतं. तो दुबळेपणा नाही. त्यावर उपचार आहेत.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर

- चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या आणि जादा कंट्रोलर कायम जवळ ठेवा. वीज गेली तर काय करायचं, हे आधीच ठरवा.
- पोटातून बाहेर येणाऱ्या वायरला ओढ बसू देऊ नका. तिथलं ड्रेसिंग शिकवलं तसंच करा. लाली, पू किंवा ताप आला तर लगेच कळवा.
- पोहणं, टबमध्ये बसणं नाही. अंघोळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आणि यंत्र झाकूनच.
- रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नका. तपासणी वेळेवर करा.
- एमआरआय करायचा नाही. कुठल्याही तपासणीआधी पंपाबद्दल सांगा. नेहमीच्या यंत्रावर रक्तदाब नीट मिळत नाही, डॉप्लर लागतो.
- झोप उडाली, कशातच मन लागत नाही, चिडचिड वाढली, हेही डॉक्टरांना सांगा. पंप बसवलेल्या दुसऱ्या रुग्णाशी बोलता आलं तर जरूर बोला.
- रात्री यंत्राचा अलार्म वाजला की आधी उठतं ते घरचं माणूस. काळजी घेणारेही थकतात. कामं वाटून घ्या.

पुढच्या भेटीत पंपाचे आकडे दाखवाल, तेव्हा मनाचं काय चाललंय तेही दोन वाक्यांत सांगा. डॉक्टरांना तेही तितकंच कळायला हवं.

काळजी घ्या.