पिल्लू आणि मोठा कुत्रा : घर एक, ताटल्या दोन

जाफराबाद : प्रतिनिधी

केळना आणि पूर्णा नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादेत, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, कुत्र्याचे जेवण हा आजवर स्वतंत्र विषय नव्हता. उरलेली ज्वारीची भाकरी दुधात वा ताकात कुस्करली, की शेतातील आखाड्यावरच्या राखणदाराचे भागत असे. आता या जुन्या राखणदाराशेजारी हौसेने आणलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू येऊन बसते आणि दोघांपुढे एकच भांडे ठेवले जाते. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातील सदनिकेतही चित्र फारसे वेगळे नसते. भाकरीच्या जागी पाकिटातले खाद्य असते, इतकेच. पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या एका भांड्यात असते.

पिल्लू लहान म्हणून त्याला थोडे आणि मोठ्याला अधिक, एवढाच हिशेब बहुतेक घरांत केला जातो. प्रत्यक्षातले गणित निराळे आहे. पशुवैद्यकशास्त्रातील रूढ सूत्रानुसार चार महिन्यांखालील, ४ किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाकाठी सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या १६ किलोच्या प्रौढ कुत्र्याची गरज सुमारे ९०० किलोकॅलरी असते. वजन चौपट, पण खुराक अवघा दीडपट! म्हणूनच मोठ्याने पिल्लाच्या ताटलीत रोज तोंड घातले, तर तो काही महिन्यांत सुटतो आणि पिल्लू मात्र उपाशी राहते. बरे, पिल्लाचे पोट लहान असल्याने हा सगळा खुराक त्याला एका वेळी देता येत नाही. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा, असा क्रम सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो. मोठ्याला दोन वेळा पुरेसे होते.

प्रश्न केवळ मापाचा नाही, अन्नातील घटकांचाही आहे. पशुखाद्याच्या अमेरिकी मानकांनुसार, पाण्याचा अंश वगळता, वाढत्या पिल्लाच्या अन्नात किमान २२.५ टक्के प्रथिने असावी लागतात. प्रौढासाठी हे प्रमाण १८ टक्के आहे. कॅल्शियमची किमान मर्यादा पिल्लासाठी १.२ टक्के, तर प्रौढासाठी ०.५ टक्के आहे. ज्वारीत प्रथिने साधारण दहा टक्के असतात. तेव्हा भाकरीवर मोठा कुत्रा कसाबसा तग धरतो, हाडे आणि स्नायू घडण्याच्या वयातील पिल्लाला मात्र ती अपुरी पडते.

याचा अर्थ भाकरी कुत्र्याला वर्ज्य आहे, असा नव्हे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की पिष्ट पचविण्यास लागणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासात कुत्रा धान्य पचवायला शिकला आहे. मात्र भाकरीला अंडे, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी किंवा मासळी यांची जोड हवी. निव्वळ मांसही चालत नाही, कारण त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम अत्यल्प असते आणि केवळ मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. गाईचे दूधही आईच्या दुधाला पर्याय ठरत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात, शर्करा कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात.

कॅल्शियमचा अतिरेक

पिल्लू आणले की औषधांच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणण्याची प्रथा पडली आहे. संतुलित खाद्य खाणाऱ्या पिल्लाला ती द्यावी, असे प्रस्तुत लेखकाला कोणत्याही आधाराने म्हणता येत नाही. साधारण सहा महिन्यांखालील पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. जे पोटात जाते, त्यातील बराच भाग शरीरात शोषला जातो. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत, जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडल्याचे स्पष्ट दिसले. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा थोराड जाती पाळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पूर्ण वाढ झाल्यावर ३२ किलो वा त्याहून अधिक भरणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी मानकांनी कॅल्शियमची कमाल मर्यादाही १.८ टक्के अशी खाली आणली आहे.

दोन वेगळी पाकिटे परवडत नसतील, तर काय करावे? अशा वेळी पिल्लाच्या वाढीसाठी योग्य असलेले खाद्य दोघांनाही द्यावे आणि मोठ्याचे माप आवळावे. याउलट, मोठ्याचे खाद्य पिल्लाला देणे टाळावे. मोठा कुत्रा स्थूल असेल किंवा त्याला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र ही तडजोड चालणार नाही.

ताटल्या वेगळ्या ठेवल्या, तरी जागा एकच असेल तर उपयोग नाही. मोठ्याला अंगणात, पिल्लाला स्वयंपाकघरात, मधले दार लावून, अशी व्यवस्था सर्वांत सोपी. सदनिकेत एकाला स्नानगृहात खाऊ घातले तरी चालते. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही ताटल्या उचलाव्यात. दिवसभर भरलेले भांडे हे भांडणाला निमंत्रण असते. पिल्लू जवळ येताच मोठा गुरगुरला, तर त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती मार देऊन बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावा घेतो आणि तेव्हा समोर घरातले मूलही असू शकते. लहान मुलांना कुत्र्यांच्या जेवणाच्या वेळी दूर ठेवणे इष्ट.

आपल्या घरातील काही पदार्थ दोघांनाही सारखेच घातक आहेत. कांदा-लसणाच्या फोडणीची आमटी भाकरीवर ओतण्याची सवय सर्वत्र आहे, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. चॉकलेटही विषारीच. द्राक्षे आणि मनुके मूत्रपिंड निकामी करू शकतात. जालना तालुक्यातील कडवंचीची द्राक्षे प्रसिद्ध आहेत; हंगामात घरी पेटी आली, तर ती उंचावर ठेवावी. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सुचविले. पाठोपाठ चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाचा तसाच बिघाड नोंदला गेला. अंगणात चिंचेचे झाड असणाऱ्यांना ही नवी काळजी आहे. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, म्हणून तीही देऊ नयेत.

भरपूर खाऊनही पिल्लाचे पोट तेवढे फुगते आणि बरगड्या दिसतात, तेव्हा दोष बहुधा खुराकाचा नसून जंतांचा असतो. जंतांचे औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून, पशुवैद्यकाने वजन पाहून ठरविलेल्या मात्रेत द्यावे लागते. घरातल्या मोठ्या कुत्र्यालाही ते चुकत नाही, कारण अंगण दोघांचे एकच असते.

प्रौढांच्या अन्नावर पिल्लाला केव्हा आणावे, हे जातीवर अवलंबून असते. लहान चणीचे कुत्रे नऊ महिने ते वर्षभरात वाढ पूर्ण करतात, मध्यम चणीचे आणि आपल्याकडचे गावठी साधारण वर्ष-सव्वा वर्षात, तर थोराड जातींना दीड ते दोन वर्षे लागतात. बदल एकदम करू नये. सात ते दहा दिवस जुन्यात नवे मिसळत प्रमाण वाढवावे. जुलाब झाल्यास दोन दिवस थांबून पुन्हा मागच्या प्रमाणावर यावे.