वग हवालदाराच्या हाती

तमाशातल्या वगात गोष्ट राजाची असे आणि प्रेक्षक सोंगाड्याचे. गवळणीत पेंद्या, वगात हवालदार किंवा नोकर, अशी दुय्यम सोंगंच त्याच्या वाट्याला येत. पण कथानकाचं ओझं राजा-प्रधानाच्या डोक्यावर असल्यामुळेच त्याला मध्येच थांबून कुणाचीही टोपी उडवता येई. मग हाच माणूस नायक झाला तर गोष्ट कोण पुढे नेणार? याचं पहिलं उत्तर वसंत सबनीसांच्या ‘छपरी पलंगाचा वग’ ऊर्फ ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये सापडतं. कोतवालीवर डोळा ठेवून असलेल्या हवालदाराला डावलून प्रधानाच्या वशिल्याचा माणूस कोतवाल होतो. हवालदार नर्तकी मैनावतीला हाताशी धरतो आणि नव्या कोतवालाला थेट राजाच्या पलंगाच्या चोरीत अडकवतो. इथे थट्टा हेच कथानक. हा हवालदार गाजवला दादा कोंडके यांनी.

सिनेमात मात्र हे कोडं वेगळ्या रीतीनं सुटलं. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ची पटकथाही सबनीसांचीच, पण त्यातला ढगळ चड्डीतला, लोंबत्या नाडीचा दादांचा नाम्या कसलेही डाव टाकत नाही. त्याला घराबाहेर काढते ती आई, आसरा देते ती तमाशातली कलावती. रत्नमालाबाईंनी रंगवलेली करारी आई गोष्ट पुढे रेटते, म्हणून नाम्याला शहाणं व्हावं लागत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे: सोंगाड्याला नायक करताना त्याचा भडकपणा उतरवायचा नसतो, गांभीर्य शेजारच्या पात्राकडे सोपवायचं असतं.

ही सगळी दादांच्या व्यक्तिमत्त्वाची जादू, असं कुणी म्हणेल. ती होतीच. पण १९६९ च्या ‘तांबडी माती’त दादा तेच होते, भालजी पेंढारकरांसारखा दिग्दर्शक होता, तरी दादांची लाट आली ती ‘सोंगाड्या’नंतर. दुसरा आक्षेप द्व्यर्थी संवादांचा. ते तर बतावणीत पूर्वापार होते, आणि एकट्या कोट्यांवर तीन तास कुणी बसून राहत नाही. तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: असा नायक बदलत नाही, म्हणून चित्रपटही एकसारखे होतात. दादांच्या पुढच्या चित्रपटांत ते दिसतंच. शिवाय सोंगाड्या पुढे सरकला की त्याची जुनी जागा रिकामी पडते. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये नायकच हवालदार झाला, तेव्हा त्याच्या जोडीला आणखी एक हवालदार लागला. तो साकारला अशोक सराफ यांनी, आणि पुढे त्यांच्याही वाट्याला नायकाच्या भूमिका आल्या.