अंमल कोणाचा?

पोलीस अंमलदाराने अमली पदार्थ पकडला, या साध्या बातमीत एकच अरबी शब्द दोनदा येतो. ‘अमल’ म्हणजे कृती, काम. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि कारभारात रुजला: पेशव्यांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. अफू-भांगेच्या परिणामालाही तोच शब्द लागला. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ आहेत, आणि राजस्थानात तर अफूचंच नाव अमल. दारूचा अंमल चढतो असं म्हणताना आपण राज्य पदार्थाच्या हाती देतो आणि माणसाला रयत करतो. नशेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रांमधला मोठा वाद नेमका इथेच आहे: अंमल खरोखर पदार्थाचा, की शरीराचा, की भोवतालच्या समाजाचा? आपल्या भाषेत या प्रत्येक बाजूचा शब्द फार पूर्वीपासून आहे.

‘व्यसन’ हा मुळात वैद्याचा शब्द नाही, राजनीतीचा आहे. ‘वि’ आणि ‘अस्’, म्हणजे दूर फेकणं; त्यावरून अपाय, संकट. कौटिलीय अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण सबंध व्यसनांवर आहे. त्यात राजाबरोबर अमात्य, दुर्ग, कोश आणि सैन्य यांचीही व्यसनं सांगितली आहेत. खजिना रिता झाला तर ते कोशाचं व्यसन. राजाचं मद्यपान शिकार आणि द्यूताच्या पंगतीला बसतं, आणि प्रश्न एकच असतो: यामुळे राज्याचं किती नुकसान होईल? सार्वजनिक आरोग्याचे आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक बुडालेले रोजगार आणि भरलेले दवाखाने मोजतात, तेव्हा ते याच जुन्या अर्थाने व्यसनाकडे पाहत असतात.

वैद्यांनी वेगळा शब्द घेतला: मद. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे मद्याच्या अतिरेकाने होणाऱ्या विकारावर, स्वतंत्र अध्याय आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती शार्ङ्गधराची ‘व्यवायी’ ही संज्ञा. जे द्रव्य आधी सगळ्या शरीरभर पसरतं आणि मग पचतं, ते व्यवायी. उदाहरणं भांग आणि अफू. पदार्थ किती वेगाने कुठे पोहोचतो, हा आजच्या औषधशास्त्राचाही कळीचा प्रश्न आहे. अफूसाठी शार्ङ्गधर जे नाव वापरतो तेही पाहण्यासारखं आहे. ग्रीकांचा ‘ओपिऑन’ म्हणजे रस. तो अरबीत ‘अफ्यून’ झाला, आणि संस्कृतात येताना ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस. परका ध्वनी आपलासा करताना त्यात विषाची भीतीही मिसळली गेली.

नशेचा अभ्यास करणारी ही सगळी शास्त्रं एका टेबलाशी बसली ती १८९३–९४ साली. गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाड तपासलं, रसायनतज्ज्ञांनी त्याचा अर्क. कलकत्त्यात कनिंगहॅम यांनी माकडाला गांजाचा धूर देऊन पाहिला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जे. एम. कॅम्पबेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर टिपण लिहिलं. शिवाची बुटी म्हणून तिला मिळणारा मान त्यात भरभरून आला आहे. पण कमिशनचं सर्वांत मोठं काम वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्यांत झालं. वेडाचं कारण या रकान्यात ‘गांजा’ असे. तो शब्द पुष्कळदा रोग्याला आणणाऱ्या पोलिसाच्या कागदावरून उतरवलेला असे, आणि पुढे अशा नोंदींचाच आकडा वैद्यकीय पुरावा म्हणून फिरे. कमिशनने एकेका प्रकरणाची मुळापासून फेरतपासणी केली, तेव्हा बरीच टिकली नाहीत. बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा निष्कर्ष निघाला. कोणी, कुठे बसून, कोणता शब्द लिहिला याची चौकशी करणारा हा अहवाल आज संशोधनपद्धतीचा धडा म्हणून वाचायला हवा.

नशा घेणाऱ्याला ती कशी वाटते, हा कॅम्पबेलच्या टिपणामागचा प्रश्न ‘कैफ’ या शब्दात दडला आहे. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसं?’, त्यावरून ‘कैफियत’, म्हणजे कसेपणा, अवस्था. मराठीने धुंदीला कैफ म्हटलं आणि घडलेली हकीकत मांडणाऱ्या कागदाला कैफियत. मानववंशशास्त्रज्ञ हा कैफ समजण्यासाठी कैफियत ऐकत बसतो. जी. एम. कार्स्टेअर्स यांनी राजस्थानातल्या एका गावात तेच केलं. १९५४च्या त्यांच्या लेखात रजपूत दारूला मानतात, ब्राह्मण भांगेला, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या नशेचा तिटकारा. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर १९५३ सालीच आणखी पुढे गेले होते. गांजा ओढणारा आधी ओढायची रीत शिकतो, मग परिणाम ओळखायला शिकतो, आणि तो सुखद मानायलाही शिकतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे कैफ चढण्यातही शिकवणी आहे.

कायद्याला एवढी सवड नसते. अमली पदार्थांवरच्या १९८५च्या भारतीय कायद्याच्या मराठी नावात ‘गुंगीकारक’ शब्द आहे, पण गुंगी घालवून तरतरी आणणारं कोकेन त्यातच बसतं. नुसती भांगेची पानं मात्र, शेंडे नसतील तर, गांजाच्या व्याख्येबाहेर राहतात.

सगळ्यात जुनी समज कदाचित आपल्या क्रियापदांत असेल. दारू चढते, लागते. कर्ता दारू, आणि माणूस चतुर्थीत: त्याला. एखादा तिच्या आहारी जातो, म्हणजे खाणाराच खाद्य होतो. सोडण्याच्या वेळी मात्र मराठी दोन वाटा देते: ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’. ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी केली. तिथे हेरॉइनच्या पुरत्या अधीन झालेल्यांपैकी, मायदेशी आल्यावर तीन वर्षांत जेमतेम १२ टक्के पुन्हा त्या अवस्थेला गेले. बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते. जंगल, युद्ध, स्वस्त पुड्या, सोबती, सगळंच मागे राहिलं होतं. मेंदूचा अभ्यासक, समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अजून त्या आकड्यावर वाद घालतात, आणि वादाचा मुद्दा मराठीत असा मांडता येतो: त्यांनी हेरॉइन सोडलं, की त्यांचं हेरॉइन सुटलं?