बेन खिडकीशी येतो

१९६७ सालचं चित्रीकरण. पिट्सबर्गच्या उत्तरेला, इव्हान्स सिटीजवळच्या एका पाडायला काढलेल्या शेतघरात तुम्ही अंग चोरून उभे आहात. स्वेटर घातलेला एक काळा तरुण खिडकीवर फळी धरून खिळे ठोकतोय. रक्त म्हणून वापरलंय ते बॉस्कोचं चॉकलेट सिरप. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे खपून जातं.

हा ड्वेन जोन्स. सिनेमा चालत्या प्रेतांचा, पुढे ज्याचं नाव पडेल ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. नायक बेन काळा की गोरा, हे पटकथेत लिहिलेलंच नाही. आडदांड, रांगडा ट्रकवाला, एवढंच. जोन्स शिकलेला, नाटकातला. संवाद त्याने आपल्या तोंडात बसतील असे करून घेतलेत. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो पुढे आयुष्यभर सांगेल, की ऑडिशनला आलेल्यांत हाच सरस होता, म्हणून घेतला. असेल. पण रंग विसरण्याची चैन रोमेरोला परवडते, जोन्सला नाही. आता बेनने घरात त्याच्यासोबत अडकलेल्या बार्बराला ठोसा मारायचाय आणि बार्बरा गोरी आहे. हे बघून लोक बाहेर पडले की माझं काय होईल, ही काळजी त्या घरात एकट्या जोन्सलाच पडलीय. शेवटी शॉट होतो: आधी ती थप्पड मारते, मग तो ठोसा.

तो का कचरला, हे समजायला जरा मागे, १९४१ मध्ये जाऊन या. पडद्यावर ‘किंग ऑफ द झाँबीज’. मॅन्टन मोरलँड नोकराच्या भूमिकेत. काळ्या नटाने भयपटात काय करायचं? डोळे विस्फारायचे, तत-पप करायचं, पळत सुटायचं. गोरे प्रेक्षक खो-खो हसताहेत. मोरलँडचं टायमिंग इतकं अचूक, की तुम्हालाही हसू फुटतं. मग लक्षात येतं, प्रेतं चालताना पहिल्यांदा त्यानेच पाहिलीत, तो जीव तोडून सांगतोय, आणि साहेबलोक ऐकून घ्यायला तयार नाहीत.

४ एप्रिल १९६८ ची रात्र. रोमेरो आणि त्याचा साथीदार सिनेमाची प्रिंट डिकीत टाकून वितरक शोधायला न्यूयॉर्कला निघालेत. तुम्ही मागच्या सीटवर. रेडिओवर बातमी येते: मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. आता हा सिनेमा पूर्वीचा राहिला नाही, एक फ्रेमही न बदलता.

१ ऑक्टोबर. पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात पहिला खेळ. हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीतून खाली उतरा. एप्रिलच्या दंगलीत इथली दुकानं जळाली, नॅशनल गार्ड उतरलं. आत जाऊन बसा, आणि शेवटची काही मिनिटं नीट बघा.

रात्र सरलीय. घरातले सगळे मेले, बेन तेवढा तळघरात वाचलाय. बाहेर शेरीफची टोळी कुत्री, बंदुका घेऊन शेतं पिंजतेय, शिकारीला निघाल्यासारखी खुशीत. आवाज ऐकून बेन वर येतो, जपून खिडकीशी जातो. तो जिवंत की प्रेत, कोण, कुठला, कुणी विचारत नाही. कपाळात एकच गोळी. मग चित्र हलायचंच थांबतं. वर्तमानपत्रात छापल्यासारखे भरड, स्थिर फोटो येतात: हातात आकडे घेतलेली माणसं, ओढून नेलेला बेन, लाकडांचा ढीग. अमेरिकेच्या दक्षिणेत झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांचे असे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकली जात. ती आठवण ज्याच्या घरात आहे, त्याला हे फोटो समजावून सांगावे लागत नाहीत.

एका कंपनीला शेवट गोड हवा होता. रोमेरो बधला नाही. जोन्सचंही मत तेच: बेनला ओढूनताणून वाचवण्यापेक्षा तो मेलेला काळ्या प्रेक्षकांना जास्त पटेल.

फेब्रुवारी २०१७. अमेरिकेतल्या कुठल्याही मल्टिप्लेक्समध्ये शिरा. जॉर्डन पीलचा ‘गेट आउट’ संपत आलाय. ज्या गोऱ्या कुटुंबाने सापळा रचला, त्यांच्या तावडीतून काळा क्रिस कसाबसा सुटलाय. रक्तानं माखलेला, रस्त्यावर. शेजारी गोळी लागलेली गोरी मैत्रीण. लांबून लाल-निळे दिवे लकाकतात आणि सगळा हॉल कण्हल्यासारखा आवाज करतो. पोलीस अजून गाडीतून उतरलेलाही नाही. मघाशी पडद्यावर मेंदूची शस्त्रक्रिया बघताना जे नीट बसून होते, तेच आता खुर्चीत आक्रसलेत.

पीलने आधी क्रिसला तुरुंगात धाडणारा शेवट चित्रित केला होता, तो नंतर बदलला. गाडीचं दार उघडतं, त्यावर ‘एअरपोर्ट’ ही अक्षरं. उतरतो तो क्रिसचा मित्र रॉड, तिथला सुरक्षा कर्मचारी. शिट्ट्या, आरोळ्या, पॉपकॉर्न हवेत. सिनेमाभर हाच बडबड्या क्रिसला सावध करत होता, आणि पोलिसांकडे गेला तर त्यांनी त्याला हसून वाटेला लावलं. आता तो आल्या आल्या झापतोय, त्या घरी जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना! मोरलँडही बिचारा हेच सांगत होता, पण त्याला कुणी गाडी दिली नव्हती.