साडेतीन मिनिटांचा हिशेब : गायक आणि ध्वनिमुद्रण-निर्माते जी. एन. जोशी

जुन्या लाखेच्या तबकडीवर मधोमध जो गोल कागद चिकटवलेला असतो, त्यावर बरेच काही छापलेले असते. कंपनीचे नाव, कर्ण्यासमोर बसलेले कुत्रे, गायकाचे नाव, गाण्याचे किंवा रागाचे नाव, तबकडीचा क्रमांक. कवीचे नाव कधी असते, कधी नसते. पण त्या गायकाला स्टुडिओपर्यंत कोणी आणले, अर्ध्या तासाची चीज साडेतीन मिनिटांत कशी बसवायची हे त्याच्याबरोबर बसून कोणी ठरवले, याचा पत्ता तो कागद लागू देत नाही. आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या सुट्या भागावर बॅचचा क्रमांक असतो, फिटरचे नाव नसते, तसाच हा प्रकार. तबकडीच्या रेघा जिथे संपतात त्या मोकळ्या पट्ट्यातही एक क्रमांक उमटवलेला असतो. तो मूळ मुद्रणाचा क्रमांक. एवढीच काय ती स्टुडिओतल्या माणसांची खूण.

मराठी संगीताच्या इतिहासात असा एक माणूस आहे, ज्याचे नाव त्या गोल कागदावर आधी गायक म्हणून छापले गेले आणि नंतर तो त्या कागदामागे गेला. जी. एन. जोशी. आज साठीच्या पुढच्या वाचकाला ते 'रानारानांत गेली बाई शीळ' या गाण्यामुळे आठवतील. त्यानंतरच्यांना बहुधा नाहीच.

हे गाणे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचे. कविता ना. घ. देशपांडे यांची. ना. घ. विदर्भातल्या मेहकरचे, पेशाने वकील. गंमत अशी की गाणारे जोशीही कायद्याचे पदवीधर. मराठी भावगीताची पहिली गाजलेली तबकडी म्हणून या गाण्याचा उल्लेख नेहमी होतो. 'पहिले' या शब्दावर आपल्याकडे वाद हौसेने होतात, आणि इचलकरंजीच्या ज. ल. रानडे यांचे चाहते इथे हात वर करतील. तो वाद मला फारसा मोलाचा वाटत नाही. मोलाची वाटते ती त्या गाण्याची जागा. तोवर मराठी माणूस तबकडी विकत घ्यायचा ती बहुतांशी नाटकातल्या पदांची. रंगभूमीवर ऐकलेले पद घरी पुन्हा ऐकायचे, हा तबकडीचा उपयोग. 'शीळ' कुठल्याच नाटकातली नव्हती. तिच्यामागे कथानक नव्हते, पात्र नव्हते, 'वन्स मोअर'ही नव्हता. एका हयात कवीची, छापील पानावरची कविता थेट तबकडीवर आली आणि घरोघर गेली. १९३१ साली बोलपट सुरू झाला, संगीत नाटकाचे दिवस फिरले. मुंबईत नभोवाणी १९२७ पासूनच बोलू लागली होती. गाण्याला रंगमंचाची गरज उरली नव्हती, तेव्हा भावगीत जन्माला आले. गजाननराव वाटव्यांनी पुढे ते सभांतून, गणेशोत्सवांतून गाजवले, पण त्याचा साचा तबकडीचा आहे. तीन-साडेतीन मिनिटे, एक भाव, मोजकी कडवी.

जोशींनी त्या काळात युगुलगीतेही गायिली. त्यांच्या जोडीच्या गायिकेचे नाव तबकड्यांवर 'गांधारी' असे येई. या गांधारी म्हणजे पुढच्या गंगूबाई हनगल. किराणा घराण्याचा तो धीरगंभीर, जवळजवळ पुरुषी आवाज ज्यांनी उत्तरायुष्यातच ऐकला, त्यांनी या तबकड्या मिळाल्या तर जरूर ऐकाव्यात. बारीक, टोकदार, तरुण मुलीचा आवाज आहे तो.

१९३८ मध्ये जोशी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले. गाजता गायक कंपनीच्या नोकरीत शिरला, याची हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. पण या धंद्याची वंशावळ पाहिली तर ही वाट नवी नव्हती. भारतात पहिले ध्वनिमुद्रण करायला १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला आलेला फ्रेड गाइसबर्ग हा मुळात पियानोवादक होता. अमेरिकेत तो गायकांना साथ करायचा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिलानला त्याने एन्रिको कारुसो या तरुण गायकाची दहा गाणी शंभर पौंडांना मुद्रित केली होती. वरिष्ठांनी रक्कम ऐकून नकार कळवला असताना त्याने ती केली, अशी हकीगत आहे. शंभर पौंड जास्त की कमी, हे हिशेबनीसाला कळणारे नव्हते. ते साथीला बसलेल्याला कळत होते.

जोशींच्या बाबतीतही हेच म्हणता येईल, आणि त्यासाठी त्या वेळच्या स्टुडिओतले काम नीट समजून घ्यायला हवे. आज आपल्याला ध्वनिमुद्रण म्हणजे तुकडे जोडण्याचे काम वाटते. १९५० च्या आसपास फीत येईपर्यंत तसे काहीच शक्य नव्हते. मेणाची जाड चकती फिरत असे, सुई तिच्यात रेघ कोरत जाई. तबला अर्धी मात्रा हलला, गायकाला ठसका आला, शेवटची तान समेवर येण्याआधी जागा संपली, की चकती फुकट. पुन्हा पहिल्यापासून. बरे, झालेले मुद्रण लगेच ऐकून पाहावे तर मेणावर सुई फिरवली की रेघ बिघडे. म्हणजे कसे झाले हे कानांनी, तिथल्या तिथे, एकदाच ऐकून ठरवायचे. मग ती चकती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात जाई, तिच्यावरून धातूचा साचा होई आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन, फार तर साडेतीन मिनिटे. ख्याल गाणाऱ्याने काय करावे? आलापाला वेळ नाही. विलंबिताची दोन-तीन आवर्तने झाली की घड्याळ निम्म्यावर. मग स्थायी, अंतऱ्याची ओळख, दोन बोलताना, दोन सपाट ताना आणि सम. हे ज्यांना जमले त्यांच्या तबकड्या अजून ऐकाव्याशा वाटतात. अब्दुल करीम खाँ यांच्या भैरवीत घाई कुठेच जाणवत नाही. ज्यांना जमले नाही त्यांचे गाणे धावत गाडी पकडणाऱ्या माणसासारखे वाटते. हे आधी बसवून घ्यावे लागे. बुजुर्ग गवयाला 'हे गाळा' म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. सांगणारा नुसता कारकून असता तर तंबोरा गवसणीत गेला असता. सांगणारा स्वतः गाणारा होता, त्या साडेतीन मिनिटांत स्वतःचे गाणे बसवून बसलेला होता, म्हणून ऐकून घेतले जाई असे मला वाटते. 'शीळ'मधून शिकलेली काटछाट त्यांनी पुढे इतरांच्या कामी लावली.

गवयांची मने वळवणे हा कामाचा दुसरा भाग. यंत्र आवाज खाते इथपासून आपली चीज परका कोणी ऐकून उचलेल इथपर्यंत शंका होत्या. त्या सगळ्याच खुळ्या नव्हत्या. घराण्याची चीज हीच ज्याची इस्टेट, त्याने ती बाजारात का मांडावी? केसरबाई केरकरांनी नभोवाणीपासून अंतर राखले ते अज्ञानापोटी नव्हे. त्यांना आपल्या गाण्याची किंमत ठाऊक होती.

आणि जे राहून गेले त्याची यादी जड आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचा आवाज कुठेही नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत मुंबईत होते. त्या शहरात कंपनी होती, यंत्र होते, जोशींसारखा जाणकार माणूसही आठ वर्षे तिथे काम करत होता. तरी खाँसाहेबांची एकही तबकडी निघाली नाही. त्यांच्या शिष्येची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. व्हॉयेजर-१ उडाल्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई वारल्या. जयपूर घराण्याच्या मूळपुरुषाचा आवाज मात्र आपल्याला फक्त शिष्यांच्या गळ्यातून ताडावा लागतो.

नाशिककरांना याच हिशेबातले घरचे उदाहरण आहे. द. वि. पलुस्करांचा जन्म नाशिकचा, १९२१ चा. वडिलांचा, विष्णु दिगंबरांचा, पंचवटीतला आश्रम हे त्यांचे बालपण. १९५५ च्या ऑक्टोबरात, चौतीसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या छोट्या तबकड्या नेटक्या म्हणून नावाजल्या जातात, त्यांची भजने आजही सकाळी लागतात. पण भारतात दीर्घ मुदतीची तबकडी, म्हणजे एल.पी., तयार होऊ लागली ती त्या दशकाच्या अखेरीस. त्यांचे सविस्तर गाणे आपल्याला मिळते ते नभोवाणीच्या आणि मैफलींच्या फितींमुळे.

एल.पी. आल्यावर जोशींच्या कामाचे स्वरूप पालटले. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ. आता गाळायला सांगायचे नव्हते, भरायला सांगायचे होते, आणि त्यासाठी योग्य माणूस हुडकायचा होता. अमीर खाँ हे साडेतीन मिनिटांत मावणारे गायक कधीच नव्हते. झुमऱ्याच्या एका आवर्तनात लहान तबकडीचा मोठा हिस्सा संपावा अशी त्यांची लय. त्यांच्या लाखेच्या तबकड्या मोजक्याच. त्यातून खाँसाहेब हो म्हणत आणि टाळत. त्यांच्याकडून एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी तबकडी १९६० मध्ये निघाली, तीमागे जोशींचा चिवट पाठपुरावा होता. त्या मारव्याचा षड्ज किती वेळ टाळला आहे ते घड्याळ लावून पाहावे. तीन मिनिटांच्या तबकडीत असा मारवा होऊच शकला नसता. माझ्या मते जोशींनी दुसरे काही केले नसते तरी एवढ्यावर त्यांचे नाव राहायला हवे.

पण जगभर गेली ती वेगळीच तबकडी. १९६७ मध्ये त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' केली. वादक तिघे, तिघेही तिशीच्या आसपासचे : संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. वाद्ये पाहा. संतूर काश्मीरच्या सुफियाना संगीतातले, गिटार परदेशी, आणि बासरीला रागसंगीतात प्रतिष्ठा मिळवून देणारे पन्नालाल घोष जाऊन सात वर्षे झालेली. मैफलीतल्या ज्येष्ठांनी या तिघांना एकत्र बसवून राग वाजवायला सांगितले असते असे वाटत नाही. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना घेऊन पहाटेच्या अहीर भैरवापासून नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी असा प्रवास आहे. कर्मठांना तेव्हा ते हलके वाटले असेल तर नवल नाही. एकेक राग काही मिनिटांचाच, आणि त्याला गोष्टीचा टेकू. मला मात्र त्यात जुना भावगीत गायक दिसतो. थोड्या वेळात एक भाव उभा करायचा, तो ओसरण्याआधी थांबायचे आणि दुसरा घ्यायचा, हे गणित तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या गळ्यावर सोडवले होते. आयुष्यभर मोठ्या गवयांचे राग लहान केल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी लहान लहान राग जोडून एक मोठी वस्तू केली.

जोशींनी या साऱ्याच्या आठवणी मराठीत 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. त्यांचे 'डाउन मेलडी लेन' हे इंग्रजी पुस्तक १९८४ मध्ये आले. अशी पुस्तके थोडी सावधपणे वाचावी लागतात. ती कंपनीच्या बाजूच्या खुर्चीवरून लिहिलेली असतात, आणि गवयाच्या लहरीचे किस्से रंगतात तसे करारातल्या रकमांचे रंगत नाहीत. पण या काळातल्या गवयांना मैफलीबाहेर, यंत्रासमोर, घाबरलेले आणि अडून बसलेले पाहायचे तर आपल्याकडे अशी साधने फार नाहीत.

'कॉल ऑफ द व्हॅली'च्या श्रेयनामावलीत तिघा वादकांची नावे आहेत, तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत, आणि निर्माता म्हणून जी. एन. जोशी.